तुरुंगातल्या माणसासाठी काय न्यावे, काय पाठवावे

कारागृहातील मुलाखतीसंबंधी, म्हणजे बंद्याच्या भेटीसंबंधी, या सदरात मागे एका प्रश्नाला उत्तर दिले होते. त्यानंतर ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ या भागांतून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या शब्दांत आला आहे: आत असलेल्या आपल्या माणसाला कपडे, पैसे, औषध, पत्र पोहोचवायचे कसे. त्यांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. मी ठाण्याच्या न्यायालयात विधी साहाय्याचे काम करते. त्यामुळे फाटकाबाहेर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसांशी माझे रोजच बोलणे होते आणि ही उत्तरे त्याच बोलण्यातून तयार झाली आहेत.

प्रश्न : माझा २३ वर्षांचा मुलगा तीन आठवड्यांपासून ठाणे मध्यवर्ती कारागृहात आहे. आरोपपत्र अजून दाखल झालेले नाही. पहिल्या मुलाखतीला मी चिवडा, बेसनाचे लाडू, टोपीचा स्वेटर, दोन पायजमे, दोन बनियन आणि चादर अशी पिशवी भरून नेली. बनियन तेवढे आत गेले, बाकी सगळे परत दिले. लाडू घरी आणताना रिक्षात मला रडू आवरेना. तो जेवतो की नाही हेही कळत नाही. काय न्यायचे हे आधी कोणी सांगत का नाही? त्याच्या बराकीत ज्यांना भेटायला कोणीच येत नाही अशी चार-पाच मुले आहेत म्हणतो. त्यांच्यासाठीही काही दिले तर चालेल का?
(एक आई, कळवा)

उत्तर : ताई, पहिल्या पिशवीचे बहुतेक घरांत असेच होते, त्यात तुमची काही चूक झाली असे मानू नका. घरून माणूस बाहेरगावी निघाला की आपण जे बांधून देतो, तेच आपण त्या दिवशीही बांधतो. कारागृहाच्या फाटकावर मात्र प्रत्येक वस्तूकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते, आणि ती नजर एकदा समजली की पुढची पिशवी परत येत नाही.

आधी हक्काचे सांगते. तुमच्या मुलावर खटला चालायचा आहे, शिक्षा झालेली नाही. बोलण्यात आपण त्याला कच्चा कैदी म्हणतो, कागदोपत्री तो न्यायाधीन बंदी असतो. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम ३१ ने अशा बंद्याला अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि इतर गरजेच्या वस्तू स्वतःच्या खर्चाने विकत घेण्याची किंवा बाहेरून मिळवण्याची मुभा दिली. ही मुभा तपासणीच्या आणि कारागृह महानिरीक्षकांनी मंजूर केलेल्या नियमांच्या अधीन आहे, म्हणून कोणती वस्तू आणि किती, हे प्रत्यक्षात त्या त्या कारागृहाच्या नियमाने ठरते. तरीही तुम्ही बनियन देता तेव्हा कोणाकडे मेहेरबानी मागत नसता, एवढे मनात पक्के असू द्या. खिडकीशी आवाज खाली घालून उभे राहण्याचे कारण नाही.

आता परत आलेल्या वस्तूंकडे पाहू. पायजमा नाडीमुळे अडला. नाडीने गळफास घेता येतो, म्हणून नाडी, कमरेचा पट्टा, बुटाची लेस आत जात नाही. स्वेटर टोपीमुळे अडला, कारण टोपीने चेहरा झाकला जातो. चादर बहुधा आतून मिळते म्हणून नाकारली असेल. लाडू-चिवड्याचे कारण अधिक गंभीर आहे. घरच्या लाडवात काय वळले आहे हे फाटकावरच्या शिपायाला फोडून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि असे खाऊन कोणाला विषबाधा झाली किंवा त्यातून अमली पदार्थ आत गेला तर जबाबदारी कारागृहावर येते. तुमच्या लाडवावर कोणी संशय घेतला असे नव्हे. घरच्या कोणत्याही पदार्थाला तेथे हाच नियम लागतो.

मागच्या पावसाळ्यात ठाण्याच्या फाटकाबाहेर एक बाई पायरीवर बसून नव्याकोऱ्या पायजम्याची नाडी दातांनी उसवून काढत होत्या. मुलाखतीची वेळ संपायला वीस मिनिटे उरली होती. नाडी निघाली, पण नाडीशिवाय पायजमा कमरेवर राहणार कसा, हे लक्षात आल्यावर त्या तशाच तो हातात धरून बसून राहिल्या. शेवटी शेजारी बसलेल्या एका आजींनी पिशवीतून इलॅस्टिकची पट्टी आणि सुईदोरा काढून दिला. त्या चार वर्षे नातवासाठी येत होत्या, आणि नव्या माणसाला लागेल म्हणून ही पट्टी त्या सोबत बाळगत. तेव्हापासून मी प्रत्येक कुटुंबाला सांगते की कपडे इलॅस्टिकचे घ्या आणि घरीच तपासून न्या.

पुढच्या वेळी दोन साधे टी-शर्ट, दोन इलॅस्टिकच्या पँट, अंतर्वस्त्रे, पातळ टॉवेल आणि रबरी चप्पल इतकेच न्या. खाकी रंग घेऊ नका, तो पोलिसांच्या गणवेशासारखा दिसतो. जाड तळव्याची चप्पल, दुहेरी अस्तराचे कपडे, धातूचे बक्कल किंवा मोठी चेन असलेले काहीही टाळा. कपडे धुऊन, घडी करून, पारदर्शक पिशवीत न्या, म्हणजे तपासणाऱ्याला वेळ लागत नाही आणि तुमच्या मागे उभ्या असलेल्यांचीही वेळ वाचते. साबण, टूथपेस्ट, तेल, बिस्किटे या गोष्टी त्याला आतल्या कँटीनमधून घेता येतात. त्यासाठी पैसे कसे पाठवायचे हे पुढच्या उत्तरात आले आहे. फाटकाजवळ परवानगी असलेल्या वस्तूंची यादी लावलेली असेल तर ती वहीत उतरवून घ्या, नसेल तर खिडकीवर विचारून लिहून घ्या, कारण एका कारागृहात चालणारी वस्तू दुसरीकडे चालेलच असे नाही. तुम्ही दिलेल्या वस्तूंची यादी दोन प्रतींत करा. एक प्रत वस्तूंबरोबर द्या आणि दुसरीवर तारीख घालून पोच मागा. काही मिळाले नाही अशी तक्रार पुढे करावी लागली तर हा कागदच कामाला येतो.

तो जेवतो का, हा तुमचा खरा प्रश्न आहे असे मला वाटते. कारागृहात सकाळचा चहा-नाश्ता आणि दोन वेळचे जेवण सर्वांना मिळते. त्याला घरची चव नसते, पण तो उपाशी नाही. घरचा डबा हवा असेल तर वकिलामार्फत खटला चालवणाऱ्या न्यायालयात अर्ज करावा लागतो. वय, आजार, डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य अशी कारणे असतील तर न्यायालये परवानगी देतात. तेवीस वर्षांच्या निरोगी मुलाच्या बाबतीत ती मिळण्याची शक्यता कमी, हे मी स्पष्टच सांगते. तारखेच्या दिवशी त्याला न्यायालयात आणले तर वकिलांनी न्यायाधीशांकडे तोंडी परवानगी मागितल्यावर तेथे घरचे खाऊ घालता येते. परवानगीशिवाय बंदोबस्ताच्या पोलिसाच्या हातात डबा देऊ नका. त्यात तो शिपाईही अडचणीत येतो आणि तुमचा मुलगाही.

बराकीतल्या इतर मुलांसाठी तुमचा जीव तुटतो हे वाचून भरून आले. पण त्याच अधिनियमाच्या कलम ३२ ने न्यायाधीन बंद्याच्या वस्तू दुसऱ्या बंद्याला देण्यास, भाड्याने लावण्यास किंवा विकण्यास मनाई केली. तेव्हा मुलाच्या नावाने दहा बनियन देऊ नका. त्यातून आत देवघेव सुरू होते आणि शिक्षा त्याला भोगावी लागते. तुम्हाला मदत करायचीच असेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये काम करतो आणि ठाणे, कल्याण, तळोजा येथील कारागृहांत त्याचे कार्यकर्ते जातात. त्यांच्याशी किंवा थेट अधीक्षकांशी बोला.

विचारले नाही तरी एक गोष्ट सांगते, कारण तिचे मोल पिशवीपेक्षा मोठे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, मात्र तो मुदत संपताच अर्ज करून मागावा लागतो. पहिल्या रिमांडची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि वकिलांना आठवण द्या. वकील परवडत नसेल तर कोठडीत असलेल्या कोणत्याही माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, आणि १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.

प्रश्न : धाकट्या भावाला तळोजा कारागृहाच्या पत्त्यावर २,००० रुपयांची मनिऑर्डर केली होती. महिन्याभराने ती परत आली. पोस्टात 'नाव जुळले नाही' एवढेच सांगितले.
(ऐरोली)

उत्तर : आपण भावाला घरी ज्या नावाने हाक मारता तेच नाव मनिऑर्डरवर लिहिले असावे, किंवा वडिलांचे नाव राहिले असावे. न्यायालयाच्या वॉरंटवर जसे पूर्ण नाव आहे, तसेच्या तसे लिहावे. त्यापुढे बंदी क्रमांक लिहावा, तो मुलाखतीच्या वेळी विचारून घेता येतो. शेकडो बंद्यांत एका नावाचे चार-पाच जण सहज सापडतात आणि चुकीच्या माणसाच्या खात्यावर पैसे जाऊ नयेत म्हणून कारकून संशय आला की मनिऑर्डर परत पाठवतो. तळोजा मध्यवर्ती कारागृह नावाने तळोज्याचे असले तरी आहे खारघरला, तेव्हा पत्त्यात खारघर, नवी मुंबई हे शब्द अवश्य यावेत. पाठवणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचे नाव, नाते आणि पूर्ण पत्ता लिहा.

एका मनिऑर्डरने जास्तीत जास्त ५,००० रुपये पाठवता येतात आणि दर २० रुपयांमागे एक रुपया शुल्क पडते, म्हणजे आपल्या २,००० रुपयांवर १०० रुपये. हे पैसे बंद्याच्या हातात रोख पडत नाहीत. ते त्याच्या खासगी खात्यावर जमा होतात आणि कँटीनमध्ये तो जे घेईल ते त्यातून वळते होते. एका बंद्याने महिन्याला किती खर्च करावा याला मर्यादा असते, ती आधी विचारून घ्या. माझा सल्ला असा की एकदम मोठी रक्कम न पाठवता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला थोडी पाठवावी. ज्याच्या खात्यावर पैसे जास्त, त्याच्याकडे आत मागणारेही जास्त असतात. पावत्या जपून ठेवा, आणि भावाला दुसऱ्या कारागृहात हलवले तर उरलेली रक्कम मागोमाग तिकडे वर्ग झाली का, याची चौकशी करा.

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. ते तळोजा कारागृहात न्यायाधीन बंदी आहेत. त्यांना मधुमेह आहे, आणि गेल्या महिन्यात त्यांचा चष्मा फुटला. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूसही धड दिसत नाही. मी नवा चष्मा आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन गेले, पण दोन्ही घेतले नाही. डासांचा फार त्रास होतो असेही ते म्हणाले. मच्छरदाणी देता येईल का?
(मुलगी, नेरूळ)

उत्तर : चष्म्यासारख्या वस्तूवरून तळोजा कारागृहाच्या बाबतीत जे घडून गेले आहे ते तुम्हाला ठाऊक असलेले बरे, कारण तुमच्या अर्जात त्याचा उपयोग होईल. नोव्हेंबर २०२० मध्ये याच कारागृहात असलेले लेखक-कार्यकर्ते गौतम नवलखा यांचा चष्मा चोरीला गेला. घरच्यांनी नवा चष्मा टपालाने पाठवला, तो कारागृहाने न स्वीकारता परत पाठवल्याचे त्यांनी सांगितले. ८ डिसेंबर २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एस. एस. शिंदे आणि न्या. एम. एस. कर्णिक यांच्या खंडपीठाने या बातमीची आपणहून दखल घेतली, माणुसकी सर्वांत महत्त्वाची आहे असे म्हटले आणि कारागृह अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घेण्याची वेळ आली आहे असे सुनावले. त्याच सुमारास ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामीही तेथेच होते. त्यांना कंपवाताचा आजार होता, हाताला थरथर सुटल्याने पेला धरता येत नव्हता. पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांना विशेष न्यायालयात अर्ज करावा लागला, आणि एवढ्याशा वस्तूसाठी तारखा पडल्या. ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. या दोघांवरील आरोप काय होते हा येथे विषय नाही. म्हाताऱ्या माणसाचा चष्मा आणि पाण्याचा पेला यांवर वाद होण्याचे कारणच नाही, असे मी मानते आणि न्यायालयात उभी राहूनही तेच म्हणत आले आहे.

तेव्हा आता वस्तू हातात घेऊन न जाता कागद घेऊन जा. अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहा. त्यात वडिलांचे नाव, बंदी क्रमांक, वय, चष्म्याचा नंबर, जुना चष्मा कधी फुटला, हे चार-पाच वाक्यांत मांडा. नेत्रतज्ज्ञांच्या चिठ्ठीची आणि चष्म्याच्या पावतीची प्रत जोडा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का घ्या. काच नको, प्लॅस्टिकची भिंगे आणि प्लॅस्टिकचीच फ्रेम घ्या, डबी कापडी असू द्या. शक्य असेल तर दोन चष्मे करून एक घरी ठेवा. आठ दिवसांत उत्तर आले नाही तर त्या शिक्क्याच्या प्रतीसह वकिलांनी खटल्याच्या न्यायालयात अर्ज करावा. शिक्का असलेला कागद समोर असला की न्यायाधीशांना फार विचारावे लागत नाही.

गोळ्यांचे वेगळे आहे. बाहेरून आणलेली औषधे फाटकावर थेट घेत नाहीत, ते एका अर्थी योग्यही आहे, कारण कोणाला कोणते औषध चालले आहे हे कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना माहीत असलेच पाहिजे. तुम्ही वडिलांच्या आजाराचे सगळे कागद, म्हणजे रक्तातील साखरेचे जुने अहवाल, डॉक्टरांची चिठ्ठी, रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद, असे सर्व प्रतींसह वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे द्या. साधारण गोळ्या आतून मिळतात. एखादे ठरावीक औषध आत नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या लेखी चिठ्ठीवर ते बाहेरून आणून देण्याची परवानगी मागता येते. मग औषध न फोडलेल्या पाकिटात, दुकानाच्या पावतीसह आणि मुदतीची तारीख दिसेल अशा रीतीने द्यावे. डब्यात गोळ्या मोजून भरून नेऊ नका. इन्सुलिन चालू असेल तर ते थंड कोठे ठेवणार हे स्पष्ट विचारा आणि उत्तर अर्जात नमूद करा. मुलाखतीत वडिलांना पायांविषयी विचारत जा. मधुमेही माणसाच्या पायाला झालेली लहानशी जखम आत राहून गेली तर पुढे फार भोवते, आणि वडील माणसे मुलीला काळजी नको म्हणून सांगत नाहीत.

मच्छरदाणीची मागणी तळोज्याच्या बंद्यांनी २०२२ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात केली होती. एका बंद्याने तर मारलेले डास बाटलीत घालून न्यायाधीशांना दाखवले. मच्छरदाणी टांगायला दोरी आणि खिळे लागतात, त्यात धोका आहे, असे कारागृहाने सांगितले आणि अर्ज फेटाळला गेला. अंगाला लावायचे ओडोमॉससारखे मलम वापरावे, असा मार्ग तेव्हा सुचवण्यात आला. मलम कँटीनमध्ये मिळते का ते वडिलांना विचारा, आणि मिळत नसेल तर तेही त्याच अर्जात मागा.

प्रश्न : कारागृहाबाहेर भेटलेल्या एका इसमाने सांगितले की आठवड्याला १,५०० रुपये दिले तर तो रोज डबा आत पोहोचवील. आत त्याची ओळख आहे म्हणे. नवऱ्याची प्रकृती नाजूक आहे, म्हणून मोह होतो.
(घणसोली. कारागृहाचे नाव आम्ही गाळले आहे.)

उत्तर : देऊ नका. डबा पोहोचला नाही तर पैसे बुडतील, आणि पोहोचला तर त्याहून वाईट. परवानगीशिवाय वस्तू आत नेणे हा १८९४ च्या अधिनियमाच्या कलम ४२ खाली गुन्हा ठरवला गेला, त्याला कैदेची शिक्षा आहे. त्या डब्याच्या तळाशी उद्या दुसऱ्या कोणी मोबाइलचे सिमकार्ड चिकटवले तर नाव तुमच्या नवऱ्याचे लागेल आणि जामिनाच्या अर्जाला सरकारी वकील तेच कारण दाखवतील. प्रकृती नाजूक आहे हे कागदावर आणा. वैद्यकीय अहवाल जोडून घरच्या जेवणासाठी न्यायालयात अर्ज करण्याचा मार्ग मोकळा आहे, आणि तुमच्या बाबतीत तो मिळण्यास चांगला आधार दिसतो. पैसे मागणारा माणूस कर्मचारी असेल किंवा कर्मचाऱ्याच्या नावाने मागत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर तक्रार करता येते. भीती वाटत असेल तर आधी विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलांना सोबत घ्या.

प्रश्न : माझी वहिनी कल्याणच्या आधारवाडी कारागृहात महिला विभागात आहे आणि तिची दोन वर्षांची मुलगी तिच्याजवळच आहे. बाळासाठी काय देता येईल? आमच्या आईचे म्हणणे, मुलीला घरी आणावे.
(नणंद, दिवा)

उत्तर : सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते. आर. डी. उपाध्याय प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांविषयी सविस्तर निर्देश दिले आणि हे मूल कैदी नाही हे स्पष्ट केले. त्याला वयानुसार आहार, कपडे, औषधोपचार, खेळणे-शिकणे मिळाले पाहिजे, ही कारागृहाची जबाबदारी आहे. त्यामुळे बाळाच्या वस्तूंविषयी बोलताना वहिनींच्या खटल्याचा उल्लेख करण्याची गरज नाही.

सर्वांत आधी लसीकरणाचे कार्ड पोहोचवा. अटकेच्या गडबडीत ते घरीच राहते आणि मग पुढचा डोस कधी हे कोणालाच सांगता येत नाही. मूळ कार्डाची प्रत घरी ठेवून मूळ कार्ड वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या. सुती झबली, इलॅस्टिकच्या चड्ड्या, टोपडे, पावसाळ्यासाठी एक जास्तीचा जोड, धुता येईल असे कापडी खेळणे, जाड पानांचे चित्रांचे पुस्तक, या वस्तूंसाठी अर्ज करा. बॅटरीचे किंवा आवाज करणारे खेळणे घेणार नाहीत. दूध पावडर, टॉनिक यांसाठी आधी डॉक्टरांची संमती लागते. वहिनींसाठी गाऊन सोयीचा, कारण परकराच्या नाडीचा प्रश्न येतो. काचेच्या बांगड्या, पिना, आकडे नकोत. सॅनिटरी पॅड कारागृहाने पुरवायचे असतात. ते पुरेसे मिळत नसतील तर लाजून गप्प बसू नका, मुलाखतीत वहिनींना स्पष्ट विचारा आणि अधीक्षकांना लेखी कळवा.

मुलीला घरी आणण्याचा निर्णय आजींनी किंवा तुम्ही नव्हे, तर आईने घ्यायचा आहे. दोन वर्षांच्या मुलीला आईपासून एकदम तोडू नये असे मला मनापासून वाटते. पण बाहेर तिला सांभाळणारे हात आहेत, हे वहिनींना ठाऊक असले पाहिजे. ते त्यांना तुम्ही भेटून सांगा, टोचणी लागेल अशा शब्दांत नव्हे.

प्रश्न : पतीला सात वर्षांची शिक्षा झाली असून ते ठाणे कारागृहात आहेत. शिक्षा झालेल्यांना वस्तू फारशा देता येत नाहीत असे कळले. आमचा मुलगा ९ वर्षांचा आहे. त्याने बाबांसाठी चित्र काढले आहे. ते पाठवता येईल का? आणि पत्रात मी काय लिहू? पत्रे उघडून वाचतात म्हणून हात आखडतो.
(कोपरखैरणे)

उत्तर : शिक्षा झालेल्या बंद्याला कपडे, अंथरूण कारागृहाचेच वापरावे लागते, त्यामुळे बाहेरून द्यायच्या वस्तू फारच थोड्या उरतात, हे खरे आहे. म्हणूनच पत्राला जास्त किंमत येते. चित्र अवश्य पाठवा. साध्या कागदावर, पेन्सिल किंवा खडूने काढलेले असावे. टाचणी, स्टेपलरची पिन, चमकी, चिकटवलेले स्टिकर नकोत. मुलाचा एखादा फोटोही सोबत चालतो, त्याच्या मागे नाव आणि तारीख लिहा.

पत्रे तपासली जातात, ही गोष्ट मनात धरून लिहायचे आणि तरी मोकळेपणाने लिहायचे. खटला, साक्षीदार, अपील, पैशाचे व्यवहार यांविषयी पत्रात काहीही नको. ते वकिलांशी बोला. तुम्ही ज्या भिंतीआड पत्र पाठवणार आहात, ती मूळची ठाण्याच्या किल्ल्याची भिंत आहे. १८१६ साली इंग्रजांच्या कैदेत असलेले पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यातून निसटले. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हते आणि खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाण्यातून निरोप पोहोचवीत असे, अशी त्याची हकीकत सांगतात. आज तुमचे पत्र वाचणाऱ्याला मराठी उत्तम येते आणि त्यालाही घरी मुलेबाळे असतात. त्याने वाचले म्हणून तुमचे शब्द उष्टे होत नाहीत.

बंद्याला लिहिण्याचा हक्क असतो, हे न्यायालयाने फार पूर्वी मान्य केले आहे. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिले. हस्तलिखित बाहेर पाठवू देण्यास सरकारने नकार दिला तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९६५ मध्ये निकाल संझगिरी यांच्या बाजूने लागला. तेव्हा पतीलाही लिहायला सांगा. त्यांच्याकडे कागद नसेल तर कोरी आंतर्देशीय पत्रे देता येतात का, हे खिडकीवर विचारा. आंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना आणि पोस्टकार्ड ५० पैशांना मिळते. प्रत्येक पत्रावर तारखेबरोबर अनुक्रमांक घाला. पाच मिळाले आणि सात मिळाले पण सहा नाही, हे त्यांना कळते आणि मधले पत्र कोठे अडले याची चौकशी करता येते. बाहेरची पुस्तके पाठवायची असतील तर नवी, मऊ बांधणीची घ्या, आणि ती नाकारली तर कारण लेखी मागा. तळोजा कारागृहाने एका इंग्रजी विनोदी लेखकाचे पुस्तक सुरक्षेला धोका म्हणून नाकारल्याचे २०२२ मध्ये उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायमूर्तींनी त्यावर नाराजी व्यक्त केली होती.

काय लिहू, असे तुम्ही विचारता. घरात जे चालले आहे ते लिहा: गॅसचा नंबर लागला, सोसायटीच्या टाकीचे काम निघाले, मुलाला गणितात किती गुण पडले, तुमची कंबर दुखते. सगळे छान आहे असे सात वर्षे कोणी लिहू लागले तर आतल्या माणसाला ते खरे वाटत नाही आणि आपण घराच्या हिशेबातच नाही असे वाटू लागते. अडचण लिहा, त्यावर तुम्ही काय केले तेही लिहा, आणि एखाद्या गोष्टीत त्यांचे मत विचारा.

वर्तकनगरच्या एका मुलाची पत्रे मी पाहिली आहेत. बाबा आत गेले तेव्हा तो पहिलीत होता. दर सहा महिन्यांनी तो कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने त्याभोवती रेघ मारी आणि आत तारीख लिही. वडिलांशी अपिलाचे बोलायला मी गेले, तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घड्या पडून विरलेले पाच कागद काढले, टेबलावर एकावर एक ठेवले आणि अंगठ्याच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बघा, एवढा वाढला." तुमच्या मुलाचे चित्र तयार आहेच. त्याच्या मागच्या बाजूला त्याचे पाऊल ठेवून रेघ मारा, तारीख घाला आणि याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा.